शेफील्डच्या बायकांचं थकलेलं येणं

2009 साली इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातल्या कॅथलीन रॉबर्ट्स या वृद्ध बाईंनी 'द स्टार' या स्थानिक वृत्तपत्राला फोन केला. म्हणणं साधं होतं: दुसऱ्या महायुद्धात आम्ही या शहरातल्या पोलादाच्या कारखान्यांत राबलो, आणि आजवर कुणी आमचे साधे आभारही मानले नाहीत. आदल्याच वर्षी ब्रिटिश सरकारनं युद्धकाळात शेतांवर राबलेल्या 'विमेन्स लँड आर्मी'च्या बायकांना बिल्ले देऊन गौरवलं होतं. कारखान्यातल्या बायकांची आठवण कुणाला झाली नव्हती. वृत्तपत्रानं विषय लावून धरला. किट सॉलिट, रूबी गॅस्कॉइन आणि डोरोथी स्लिंग्सबी या तिघी कॅथलीनबाईंच्या जोडीला आल्या. चौघी थेट पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत जाऊन आल्या, शहरानं वर्गणी काढली, आणि 17 जून 2016 रोजी सिटी हॉलसमोर बार्कर्स पूल या जागी मार्टिन जेनिंग्ज यांनी घडवलेला ब्राँझचा पुतळा उभा राहिला. नाव 'विमेन ऑफ स्टील'.

पुतळा देखणा आहे. कामाच्या कपड्यातल्या दोन बायका हातात हात अडकवून, मान ताठ ठेवून उभ्या आहेत. लंडनमध्ये व्हाइटहॉलवर 2005 मध्ये युद्धकाळातल्या बायकांचं राष्ट्रीय स्मारक उभारलं गेलं, ते याच्या अगदी उलट आहे. त्यात एकही बाई नाही. काळ्या ब्राँझच्या भल्यामोठ्या ठोकळ्याभोवती सतरा पोशाख खुंट्यांना टांगलेले दिसतात: गणवेश, डगले, टोप्या, कारखान्यातले अंगरखे. काम संपलं, कपडे खुंटीला अडकवले, बायका घरी गेल्या. शेफील्डच्या पुतळ्याला चेहरे आहेत, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

पण 1945 आणि 2016 यांच्यामध्ये एक्काहत्तर वर्षं आहेत. ज्यांचे आभार मानायचे त्यातल्या बहुतेक जणी तोवर हे जग सोडून गेल्या होत्या. शिवाय आभार हे काही त्यांचं मूळ येणं नव्हतं. येणं होतं ते मजुरीतल्या फरकाचं, शिकलेल्या कसबाचं आणि युद्धानंतरच्या नोकरीचं. संकटाच्या काळात समाज बायकांचं काम भेट म्हणून घेतो. भेटीचा हिशेब कुणी ठेवत नाही, त्यामुळे पुढे कधीतरी सन्मान करून मोकळं होता येतं. माझं म्हणणं इतकंच आहे की हा हिशेब संकट चालू असताना लिहिला गेला पाहिजे, बायकांना कामावर बोलावणाऱ्या त्याच कागदावर. शेफील्डची हकीकत मी तेवढ्यासाठी सांगते आहे.

डॉन नदीच्या खोऱ्यात पसरलेलं हे शहर पोलादावर जगलं. व्हिकर्सच्या कारखान्यात 15 टनी हातोडा होता. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या मर्लिन इंजिनाचा क्रँकशाफ्ट घडवू शकेल असा तो एकच हातोडा युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये होता. जर्मन विमानं इकडे वळणार हे सगळेच जाणून होते. 12 डिसेंबर 1940 च्या रात्री शहराच्या मध्यभागावर बॉम्ब पडले, 15 तारखेला पुन्हा. दोन रात्रींत 660 हून जास्त माणसं दगावली आणि 40 हजारांच्या घरात लोक बेघर झाले. फिट्झॅलन स्क्वेअरमधल्या मार्पल्स हॉटेलच्या तळघरात आसरा घेतलेली सुमारे 70 माणसं एकाच बॉम्बनं गेली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात कामाची पाळी होती, आणि लोक ढिगाऱ्यांतून वाट काढत कामावर गेले.

त्या काळातल्या बायकांबद्दल बोलताना नेहमी 'पुढे आल्या', 'देशासाठी धावल्या' अशी भाषा वापरली जाते. धावल्या, हे खरंच. पण नुसत्या धावल्या नाहीत, त्यांना कायद्यानं आणलं गेलं. 1941 च्या वसंतात मजूर मंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी बायकांची नावनोंदणी सक्तीची केली, आणि डिसेंबर 1941 च्या कायद्यानं वीस ते तीस वयाच्या अविवाहित बायकांवर राष्ट्रीय सेवेची सक्ती आली. सैन्याच्या साहाय्यक दलात जा, नागरी संरक्षणात जा, नाहीतर कारखान्यात जा, एवढीच निवड. 1943 च्या मध्यापर्यंत अविवाहित बायकांपैकी नव्वद टक्के आणि विवाहितांपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास बायका युद्धासाठी आवश्यक मानलेल्या कुठल्या ना कुठल्या कामात होत्या. राज्यसंस्था जेव्हा हुकूम काढून माणसाला कामाला लावते, तेव्हा त्या कामाचं दायित्वही तिच्याकडे येतं. कामाला 'त्याग' म्हटलं की हे दायित्व झाकलं जातं.

काम काय होतं, ते जवळून पाहू. भट्टीच्या कारखान्यात छताखाली रुळांवर सरकणारी क्रेन असते. तिच्या चालकाची खोपटी जमिनीपासून दोन-तीन मजले वर. शिडीनं चढायचं, आणि एकदा चढलं की पाळीतली सुट्टी होईपर्यंत सहसा उतरायचं नाही, नैसर्गिक विधीसाठीसुद्धा नाही. खाली वितळलेल्या पोलादानं भरलेली डोल क्रेनच्या साखळीला लटकलेली. ती साच्यांच्या वर नेमकी न्यायची. आवाज इतका की खालच्या माणसाचं बोलणं ऐकूच येत नाही, सगळा कारभार हाताच्या खुणांवर. उष्णता वर चढते, आणि खोपटी वरच असते. त्यात ब्लॅकआउट. भट्टीचा उजेड विमानांना दिसू नये म्हणून छतं आणि खिडक्या झाकलेल्या, त्यामुळे धूर आणि वाफ कोंडून राहायची. या खोपट्यांत कारखान्याचं तोंडही न पाहिलेल्या तरुण मुली बसल्या. हात जरा चुकला तर खालचा माणूस जळून मरेल हे त्यांना माहीत होतं. अशी क्रेन चालवायला शिकलेली बाई कसबी कामगार होती. तिचा तासाचा दर मात्र बाईचा होता.

'युद्धामुळे बायका कारखान्यात आल्या' हे वाक्यसुद्धा शेफील्डपुरतं अर्धंच खरं आहे. सुऱ्या-काटे-चमचे बनवणं हा या गावाचा जुना धंदा, आणि त्यांना चकाकी देणाऱ्या बायका, ज्यांना तिथे 'बफर गर्ल्स' म्हणत, पिढ्यानपिढ्या हे काम करत होत्या. फिरत्या चाकावर चमचा दाबून धरायचा, वंगण आणि वाळूचा काळा चिखल अंगभर उडायचा. अंगात सैल सुती झगा, डोक्याला आणि गळ्याला फडकी, पायांना आणि पोटाशी तपकिरी कागद नाहीतर जुनी वर्तमानपत्रं बांधलेली. पाळी संपली की कागद फेकून द्यायचा. युद्धापूर्वीही, युद्धानंतरही. पोलादाच्या शहराची जी प्रतिमा तयार झाली, तिच्यात या बायका कधी आल्याच नाहीत, म्हणून 1941 मध्ये भट्टीपाशी उभी राहिलेली बाई सगळ्यांना नवलाची वाटली. आणि नवलाची म्हटली की ती तात्पुरतीही ठरते.

आता मजुरी. मे 1940 मध्ये अभियांत्रिकी कारखान्यांचे मालक आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. पुरुषाच्या जागी बाई कामाला लागली तर सुरुवातीला बायकांचा दर, मग टप्प्याटप्प्यानं वाढ, आणि बत्तीस आठवड्यांनंतर पुरुषाचा पूर्ण दर. वाचायला न्याय्य. अट एकच होती: तिनं ते काम जादा देखरेखीशिवाय आणि मदतीशिवाय करायला हवं. सगळी मेख इथे होती. यंत्र जुळवून द्यायला सेटर येतो, म्हणजे तिला मदत लागते. जड तुकडा उचलायला मजूर येतो, म्हणजे तिला मदत लागते. एका कुशल कामाचे तीन सोपे तुकडे पाडून तीन बायकांना दिले, तर आता ते पुरुषाचं काम उरलंच नाही, बायकांचंच झालं. अटीचा अर्थ लावणारे मालक होते, आणि ज्या संघटनेनं करार केला ती बायकांना सभासदसुद्धा करून घेत नव्हती. अभियांत्रिकी कामगारांच्या त्या मोठ्या संघटनेचं दार बायकांसाठी 1943 च्या जानेवारीत उघडलं, म्हणजे करारानंतर अडीच वर्षांहून जास्त काळानं. जानेवारी 1944 मध्ये धातू आणि अभियांत्रिकी उद्योगातल्या बाईची सरासरी आठवड्याची कमाई साडेतीन पौंड होती, पुरुषाची सात पौंड. बरोबर निम्मी.

बायका गप्प बसल्या असंही नाही. ग्लासगोजवळच्या हिलिंग्टनमध्ये विमानांची इंजिनं बनवणाऱ्या रोल्स-रॉइस कारखान्यात 1943 च्या शरद ऋतूत संप झाला. सुमारे 16 हजार कामगार बाहेर पडले, त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या आणि कितीतरी पुरुषही त्यांच्या बाजूनं उभे राहिले. ऐन युद्धात संप म्हणजे देशद्रोह, अशी हाकाटी झाली. शेवटी तोडगा निघाला तो असा: यंत्रांचीच प्रतवारी केली गेली, आणि यंत्र कोण चालवतं यावर नव्हे तर कुठलं यंत्र आहे यावर दर ठरला. हा तोडगा मला फार शिकवण्यासारखा वाटतो. देशभक्तीच्या भाषेत जे तीन वर्षं सुटलं नाही, ते यंत्रांच्या यादीनं काही आठवड्यांत सुटलं.

याहून बोचरी गोष्ट जखमांची. हवाई हल्ल्यात जखमी झालेल्या नागरिकांना सरकार भरपाई देत असे, आणि बाईची भरपाई पुरुषापेक्षा आठवड्याला सात शिलिंगांनी कमी होती. एकच बॉम्ब, एकच भिंत, दोघांचाही पाय गेलेला, आणि बाईच्या पायाची किंमत कमी. खासदार मेव्हिस टेट यांनी यावर रान उठवलं. त्या हुजूर पक्षाच्या, म्हणजे सत्तेतल्याच. इतर पक्षांतल्या बायका त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या, आणि 1943 मध्ये भरपाई समान झाली. वर्ष लक्षात घ्या. युद्ध चालू होतं, सरकारला बायकांची गरज होती, म्हणून हे मिळालं.

पुढच्याच वर्षी काय झालं ते पाहा. मार्च 1944 मध्ये शिक्षण विधेयकावर चर्चा चालू असताना शिक्षिकांना समान वेतन देण्याची दुरुस्ती एका मतानं मंजूर झाली, 117 विरुद्ध 116. चर्चिल यांनी हा विषय सरकारवरच्या विश्वासाचा केला आणि दोन दिवसांत तेच सभागृह 425 विरुद्ध 23 असं फिरलं. समान वेतनाचा प्रश्न एका आयोगाकडे सोपवला गेला. आयोगाचा अहवाल 1946 मध्ये आला, तेव्हा युद्ध संपलेलं होतं आणि घाई कुणालाच नव्हती. आयोगावरच्या तीन बायकांनी आपलं वेगळं मत लिहून ठेवलं. ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा झाला 1970 मध्ये आणि अंमलात आला 1975 च्या अखेरीस. 1940 च्या करारावेळी वीस वर्षांची असलेली क्रेनचालक तेव्हा पंचावन्नची झाली होती.

स्वयंसेवेबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिथे माझं मन दुहेरी आहे. 1938 मध्ये लेडी रीडिंग यांनी 'विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस' उभी केली. आपल्याकडच्या वाचकांना हे आडनाव ओळखीचं वाटेल. त्यांचे पती लॉर्ड रीडिंग 1921 ते 1926 या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते, आणि लग्नाआधी त्या स्वतः दिल्लीत व्हाइसरॉयच्या कचेरीत काम करत होत्या. दोन-तीन वर्षांत संघटनेच्या सभासद दहा लाखांच्या घरात गेल्या. हल्ल्यानंतर बेघर झालेल्यांसाठी शाळांमध्ये निवारे उघडणं, फिरत्या गाडीवरून चहा-सूप पोचवणं, जुने कपडे गोळा करून मापाप्रमाणे लावून वाटणं, मुलांना शहराबाहेर नेणं, मेलेल्यांच्या नातेवाइकांजवळ बसणं. शेफील्डच्या त्या दोन रात्रींनंतर 40 हजार माणसांचं जेवण आणि पांघरूण ज्या हातांनी झालं, त्यांत हे हातही होते. या कामाचं मोल पैशात करा असं मी म्हणणार नाही. संकटात शेजाऱ्याच्या दारात चहा घेऊन उभं राहणारी बाई मजुरीचा विचार करत नाही, करूही नये.

पण या संघटनेचा हिरवा गणवेश सभासदांना स्वतःच्या पैशानं विकत घ्यावा लागे. ही बारीकशी बाब मला महत्त्वाची वाटते. ज्या बाईला घरात मोलकरीण आहे, नवऱ्याचा पगार आहे, तिला बिनपगारी सेवा परवडते आणि गणवेशही परवडतो. मार्पल्स हॉटेलच्या मागच्या गल्लीत राहणारी, कारखान्यात पाळी करून आलेली बाई शेजारणीची पोरं सांभाळते, तिच्या घरची काच बदलते, आजारी म्हातारीला रांगेत उभं राहून शिधा आणून देते. तिला गणवेश नाही, तिची कुठल्या यादीत नोंद नाही. स्वयंसेवेचा इतिहास लिहिताना नोंदणी पुस्तकं हाताशी असतात ती पहिलीची. आणि दुसरा धोका असा की राज्यसंस्थेला बिनपगारी हातांची सवय लागते. निवारा उभारणं, जेवण देणं, मुलांची काळजी घेणं ही ज्यांची कायदेशीर जबाबदारी, ती नगरपालिका आणि सरकार, 'बायका करतीलच' असं गृहीत धरून अंदाजपत्रक बनवतात. स्वयंसेवा आटली की मगच कळतं की त्या कामाला कधी पैसाच ठेवलेला नव्हता.

युद्ध संपल्यावरचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो सगळ्यांना अंदाजानं ठाऊक असतो. शेफील्डच्या बायकांना सांगण्यात आलं की आता तुमची गरज नाही. कित्येकींना तर ते सांगायलाही फार शब्द वापरले गेले नाहीत. यावर एक उत्तर नेहमी येतं, आणि ते पोकळ नाही: परतणाऱ्या सैनिकांना त्यांच्या जागा द्यायच्या नव्हत्या का? द्यायच्या होत्याच. चार-पाच वर्षं मृत्यूच्या छायेत राहून आलेल्या माणसाला त्याची नोकरी परत मिळणं हा त्याचा हक्क होता, आणि तो हक्क सरकारनं 1944 च्या कायद्यानं लिहून दिला. युद्ध चालू असतानाच दिला, हे महत्त्वाचं. म्हणजे सरकारला आधी हिशेब मांडता येत होता. त्याच लेखणीनं बायकांसाठी एखादं कलम लिहिता आलं असतं: शिकलेल्या कसबाचं प्रमाणपत्र, दुसऱ्या खात्यात प्राधान्य, ठरावीक मुदतीचा भत्ता. ते लिहिलं गेलं नाही, कारण तिचं काम नोकरी म्हणून कधी मोजलंच नव्हतं.

'बऱ्याच जणींना घरीच जायचं होतं,' हे दुसरं उत्तर. खरं आहे, थकलेल्या होत्या, लग्नं करायची होती, मुलं हवी होती. पण युद्धकाळात सरकारनं दीड हजाराच्या आसपास पाळणाघरं चालवली होती, आणि युद्ध संपताच त्यांचं अनुदान आखडतं घेतलं. पाळणाघर बंद करून मग 'तिला घरी राहायचं आहे' असं म्हणणं योग्य नाही. आणि 1947 मध्ये, म्हणजे दोनच वर्षांत, मजुरांचा तुटवडा पडला तेव्हा त्याच सरकारनं बायकांना पुन्हा कारखान्यात येण्याची जाहीर हाक घातली. गरज नसते तेव्हा तिची जागा घरात, आणि गरज पडली की देशाला तिची सेवा हवी.

हे सगळं परदेशातलं म्हणून बाजूला ठेवता येणार नाही, कारण त्याच युद्धात हाच प्रश्न आपल्याकडेही आला होता, आणि तो ज्यांच्या टेबलावर आला ते मराठी होते. हिंदुस्थानात कोळशाच्या खाणीत बायकांना जमिनीखाली उतरवण्यावर 1937 पासून पूर्ण बंदी होती. युद्धात लष्करी बांधकामांवर जास्त मजुरी मिळू लागली, खाणीतले पुरुष तिकडे गेले, कोळसा कमी पडू लागला, रेल्वे आणि कारखाने अडले. 1943 मध्ये सरकारनं ही बंदी उठवली, आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात, मग बंगाल-बिहारकडे. आजचा चंद्रपूर जिल्हा याच प्रांतात होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, बाईच्या श्रमातून मालकाला फायदा होतो तर तिच्या विश्रांतीचा भारही त्यानं उचलावा, असं ठणकावून मांडणारे तेच आंबेडकर. आणि 1929 चा मुंबईचा प्रसूती लाभ कायदा देशातला असा पहिला.

फेब्रुवारी 1944 मध्ये केंद्रीय विधिमंडळात या निर्णयावर चर्चा झाली. रेणुका राय यांनी कडाडून विरोध केला, अखिल भारतीय महिला परिषदही विरोधात होती. मला रेणुकाबाईंचं म्हणणं पटतं. मजूर मिळत नाहीत याचा अर्थ मजुरी कमी आहे, आणि मजुरी वाढवण्याऐवजी बंदी उठवणं म्हणजे खाणमालकांची अडचण गरीब बायकांच्या पाठीवर टाकणं. आंबेडकरांसारख्या माणसालाही त्या सरकारात राहून हा निर्णय सभागृहात मांडावा लागला, हे वाचताना त्रास होतो. पण त्या उत्तरात त्यांनी एक गोष्ट ठामपणे सांगितली: या बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल याची सरकारनं तजवीज केली आहे, आणि लिंगभेद न करता समान कामाला समान वेतन हे तत्त्व आपल्याकडच्या एखाद्या उद्योगात पहिल्यांदाच मान्य होत आहे. शेफील्डमधली बाई पुरुषाच्या निम्म्यावर होती त्याच महिन्यांतली ही गोष्ट. मूळ निर्णयाशी माझा वाद आहे. बोलावतानाच दर जाहीर करण्याची पद्धत मात्र मला अनुकरणीय वाटते. 1946 च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली, आणि त्या बायका वर आल्यावर त्यांनी काय करायचं याचा विचार मात्र तिथेही अपुराच राहिला.

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीकडे येते. 2020 च्या वसंतात सगळे दारं लावून आत बसलो होतो तेव्हा आमच्या वस्तीत रोज सकाळी आशाताई यायच्या. एका हातात कपाळाशी धरायचं तापमापक यंत्र, काखेत रजिस्टर, तोंडाला घरीच शिवलेला दुहेरी सुती मास्क. दारातून लांबूनच विचारायच्या: घरात किती माणसं, कुणाला खोकला, बाहेरगावाहून कुणी आलं का. काही घरांत त्यांना दारातूनच हाकललं जायचं, कारण आजार त्याच आणतात अशी अफवा होती. संध्याकाळी टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या, 'कोरोना योद्धा' म्हणून प्रमाणपत्रं वाटली गेली. केंद्र सरकारनं या कामासाठी दिलेला जादा भत्ता महिन्याला एक हजार रुपये होता, म्हणजे दिवसाला तेहतीस-चौतीस. सरकारी कागदावर आशा ही कर्मचारी नसून स्वयंसेविका असते, म्हणून तिला वेतन नसतं, कामागणिक मोबदला असतो. जून 2021 मध्ये राज्यातल्या सुमारे 70 हजार आशा संपावर गेल्या तेव्हा, ऐन साथीत संप कसा, असं विचारणारे खूप होते. हिलिंग्टनच्या बायकांनाही हेच विचारलं गेलं होतं.

साथीत सरकारनं एक गोष्ट नीट केली हे नोंदवलं पाहिजे. मार्च 2020 मध्येच विमा जाहीर झाला: कोरोनाच्या कामात मृत्यू आल्यास 50 लाख रुपये, डॉक्टरला आणि आशेलाही तेवढेच. बोलावण्याच्या वेळीच, लिहून. म्हणजे जमतं. मग मेल्यावर दोघांची किंमत एक धरणाऱ्या सरकारला आशेच्या जिवंत दिवसाची मजुरी ठरवता येत नाही, हे मी मान्य करत नाही. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. या दोन बातम्यांपैकी पहिली सगळ्यांना आठवते. त्या बायकांच्या म्हातारपणाला उपयोगी पडणार आहे ती दुसरी, आणि तीही मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

'सरकारकडे पैसा कुठे आहे' हा आक्षेप मी टाळत नाही. ब्रिटनच्या अर्थखात्यानंही तो 1944 मध्ये घेतला, 1946 मध्ये घेतला, पुढेही घेत राहिलं. युद्धात पैसा नाही कारण युद्ध आहे, युद्धानंतर नाही कारण उभारणी करायची आहे. या क्रमात बायकांची पाळी कधीच येत नाही, ती आदेशातच आणावी लागते. साथीचा कायदा आपल्याकडे 1897 चा आहे, आपत्ती व्यवस्थापनाचा 2005 चा. दोन्हींखाली निघालेल्या आदेशांवर जिल्ह्याजिल्ह्यांत हजारो बायका कामाला लावल्या गेल्या. या कायद्यांखाली ज्या कुणाला कामावर बोलावलं जाईल, मग तिला स्वयंसेविका म्हणा, सेविका म्हणा, काहीही म्हणा, तिचा दिवसाचा दर, जखम आणि मृत्यूची भरपाई, आणि संकट ओसरल्यावर तिच्या कामाचा दाखला व पुढच्या भरतीतलं प्राधान्य त्याच आदेशात लिहिलेलं असावं. दर पुरुष कर्मचाऱ्याच्या त्याच कामाच्या दराशी बांधलेला असावा. ज्या आदेशात हे नसेल तो अपुरा समजून जिल्हाधिकाऱ्यांनी परत पाठवावा, आणि पुढच्या पुराच्या किंवा साथीच्या वेळी आशा आणि अंगणवाडीच्या संघटनांनी काम हाती घेण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारावा.